नकोशा शब्दांची यादी

सासऱ्यांची, म्हणजे आबांची, पंचाहत्तरी होती, तेव्हा फाटकाशी गर्दी असणार हे तेजश्रीनं धरलंच होतं. चुलतभावाचं लग्न उरकून ती नांदूरघाटाहून सकाळी नऊला पाटोद्यात घरी पोचली, तर माणूस पार डांबरी रस्त्याच्या कडेपर्यंत उभं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात बसेना. कुणाच्याच हातात हार नव्हता. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स. वाढदिवसाला झेरॉक्स घेऊन जायची पद्धत पाटोद्यात अजून तरी पडलेली नाही.

"ओ बाई, फारम कुठं भेटतंय?" एका म्हातारीनं तिचा पदरच धरला.

"कशाचा फॉर्म, मावशी?"

"कुट्टीचा की. आबा अनुदानात कडबाकुट्टी देऊ लागलेत न्हवं? नातवानं मोबाइलात दावलं मला. पहाटंच निघालाव आमी. माझं नाव छबुबाई. लिहून घे, मागं ऱ्हायला नगं."

तेजश्रीनं पदर सोडवून घेतला आणि बंगल्यात न जाता ती सरळ मागच्या कारखान्यात गेली. काय झालं असणार हे तिला कळलं होतं. कुणी केलं हेही कळलं होतं. आता फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं.

आदिनाथ ग्राइंडरपाशी बसला होता, पण ग्राइंडर बंद होता. चौकशीचा मोबाइल त्यानं वेल्डिंगच्या हातमोज्यात कोंबला होता आणि हातमोजा टूलबॉक्समध्ये. तरी आतून तो गुरगुरत होताच.

"किती फोन आले?" तेजश्रीनं विचारलं.

"पहिल्या दिशी मोजले. एकशेचाळीस. मंग सोडून दिलं मोजायचं."

"आन् मशिनी किती गेल्या?"

"एक जाणार हुती. जामखेडचा गडी हुता. तीन तास फोनच लागंना मनला. दुसरीकून घेतली त्यानं."

"जाहिरातीचा पासवर्ड दिला कावून तुमी?"

आदिनाथनं ग्राइंडरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "दादा मागंच लागलं. बापाची पंचाहत्तरी हाय, बापाचं नाव टाकायला तुझं काय जातंय, मनलं. आता ह्याला न्हाई कसं मनावं?"

आदिनाथला लोखंड कळतं. पाती किती अंशात बसवली म्हणजे ओला मका न अडकता निघतो हे तो डोळे मिटून सांगेल. पण 'नाही' हा शब्द त्याला आयुष्यात कधी उच्चारता आला नाही. थोरल्या भावासमोर तर नाहीच. सहा वर्षांपूर्वी त्यानं 'बालाघाट कुट्टी' हा कडबा कापायच्या यंत्रांचा कारखाना सुरू केला तेव्हा पहिली मशीन तो शेजाऱ्याला उधारीवर देऊन बसला होता. नगर, सोलापूर, लातूरची गिऱ्हाइकं आली ती तेजश्रीमुळे, आणि तिनं ती आणली मोबाइलवरच्या जाहिरातीतून.

जाहिरात तशी साधी. कुणी 'कडबाकुट्टी मशीन किंमत' असं शोधलं की वरती बालाघाटचं नाव दिसायचं. त्यानं त्यावर बोट दाबलं की तेजश्रीच्या खात्यातून दहा-बारा रुपये जायचे. दाबणाऱ्यानं मशीन घेतली काय आणि नुसतीच करमणूक केली काय, रुपये गेले ते गेलेच. त्यामुळे या कामातली खरी अक्कल माणसं बोलावण्यात नसते, नको ती माणसं येऊ न देण्यात असते. त्यासाठी तिनं चार वर्षं खपून नकोशा शब्दांची एक यादी केली होती. शोधणाऱ्याच्या वाक्यात त्यातला एक जरी शब्द आला, तर त्याला जाहिरात दिसायचीच नाही. ती यादी दादांनी तीन दिवसांपूर्वी पुसून टाकली होती.

आणि मुहूर्त काय साधला होता! ज्वारी निघून कडबा गंजीला लागला होता. कुट्टी विकायचे वर्षातले सहा आठवडे ते हेच.

"इलेक्शनपातूर असंच ठिवायचं मनत्यात दादा," आदिनाथ खालमानेनं म्हणाला.

"इलेक्शन तीन महिन्यांवर हाय. तवर आपले नऊ वेल्डर काय करतील? तिकडं मंडपात बुंदी वाढतील?"

तेजश्रीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. हातमोज्यातला फोन तिनं काढून घेतला. एवढं चांगलं होतं की दादांना पासवर्ड वापरता येत होता, बदलता येत नव्हता.

---

वरच्या गच्चीवरून राजनंदिनी गर्दी मोजत होती. थोरल्या सुनेला मोजायची सवय होती. लग्नात आहेर मोजायचा, मयताला गाड्या मोजायच्या आणि सभेला डोकी. आजची डोकी तीनशेच्या वर भरत होती, आणि तिचा नवरा अभिमन्यू शेजारी उभा राहून ती आपल्या जन्माची कमाई असल्यासारखी पाहत होता.

"बघ," तो म्हणाला, "गाडीभाडं न्हाई, बिर्याणी न्हाई, आन् माणूस बघ. आसं येड लागल्यावानी आलंय. जिल्हा परिषदेचं तिकीट आता मला न्हाई तर कुणाला?"

अभिमन्यूला तिकीट हवं होतं, हे पाटोदा तालुक्यातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. कपिलधारच्या यात्रेत त्याचे स्वागताचे बावीस फ्लेक्स लागले होते. फ्लेक्स माऊली छापायचा, उधारीवर. या घरात जाहिरात म्हणजे काय, याची समजूत माऊलीच्या दुकानातच घडली होती. वर पक्षाचे सगळे नेते, मध्ये आबा, खाली उजव्या बाजूला अभिमन्यू गॉगल लावून, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. एकही फोटो गाळायचा नाही. गाळला तर तो माणूस पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या फ्लेक्सवर दिसतो.

मोबाइलच्या जाहिरातीत मात्र एका ओळीला तीस अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून. अभिमन्यू, माऊली आणि आदिनाथ तीन दिवसांपूर्वी रात्रभर त्या तीस अक्षरांशी झुंजत होते. आधी 'सन्माननीय' गेलं, मग 'कार्यसम्राट' गेलं, तेव्हा माऊलीच्या डोळ्यांत पाणी यायचंच राहिलं. शेवटी पहिल्या ओळीत 'मा. सभापती धोंडीराम आबा' बसले, दुसरीत 'कडबाकुट्टी योजना' आणि तिसरीत 'अभिमन्यूदादा मित्रमंडळ'. मशीनचं नाव, किंमत, फोनवर बोलायची वेळ यांना जागा उरली नाही. योजना कसली, असं आदिनाथनं एकदा हळूच विचारलं होतं. नुसतं 'विकणे आहे' म्हटलं तर आपण व्यापारी दिसतो, असं दादांनी सांगितलं.

"तेजश्री आली," राजनंदिनीनं खाली बोट केलं. "आता नाचंल बघा. पुन्हा ती यादी घालंल."

"घालू देतो व्हय मी!"

"तुमी काय करताल? आदिनाथभाऊजी तिच्याकडून, आन् आबांना कारखान्याचा पैसा ग्वाड लागतोय." राजनंदिनी म्हणाली. नवऱ्यापेक्षा तिला दोन इयत्ता जास्त कळायचं, आणि ते लपवायची अक्कलही तिला होती. "तुमी काही बोलू नका. यादी पुसायच्या आधी मी तिचा फोटो काढून ठिवलाय. जेवणं झाली की आबांना वाचून दावू. त्यात आबांचंच नाव हाय."

अभिमन्यूनं बायकोकडं नव्यानं पाहिलं. "कशात? नको असल्याल्या शब्दांत?"

"व्हय. दोनदा."

---

बाहेर मंडपात बुंदी-भाताच्या पंगती उठत होत्या आणि आत दिवाणखान्यात दारं लोटून घरची माणसं बसली. धोंडीराम आबा सोफ्यावर मधोमध, नवा फेटा बांधून. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, जरीकाठी पातळ नेसून. दोन मुलं, दोन सुना. चार वाजता सत्कार होता. तोवर हे निस्तरायचं होतं.

आबांचा स्वतःचा आज दिवस चांगला चालला होता. एकवीस वर्षांपूर्वी पंचायत समितीचं सभापतिपद गेल्यापासून फाटकावर एवढं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे राजनंदिनीनं मोबाइल पुढं करून "आबा, एक वाचायचं होतं" म्हटलं, तेव्हा मानपत्र असेल असं वाटून ते सावरून बसले.

"ही यादी तेजश्रीनं केल्याली हाय," राजनंदिनी मधासारख्या आवाजात म्हणाली. "ह्ये शब्द आपल्या कारखान्याला चालत न्हाईत मनं. अनुदान. योजना. मोफत. फुकट. शंभर टक्के. सरकारी. लाभार्थी. पात्रता. अर्ज. शिफारस. कर्जमाफी. शेवटची तारीख..."

आबा ऐकत होते. चाळीस वर्षांत त्यांनी जेवढी भाषणं ठोकली, त्यातला एकही शब्द या यादीतून सुटला नव्हता. या शब्दांखेरीज भाषण कसं करतात हे त्यांना आजही सांगता आलं नसतं.

"...आन् शेवटाला," राजनंदिनीनं श्वास घेतला, "सभापती. धोंडीराम. धोंडीराम आबा."

वच्छलाबाईंनी कान पुढं केला.

"कुणाचं नाव मनलीस?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आबांचं, आत्याबाई. आबांचं नाव आलं की जाहिरात बंद. तशी सोयच केलीय तिनं."

"अगं बया!" वच्छलाबाई तेजश्रीकडं वळल्या. "जित्या माणसाचं नाव काढून टाकलंस? त्यांच्या जमिनीवर कारखाना, त्यांच्याच हातानं नारळ फोडला, आन् त्यांचंच नाव नगं? माझ्या अभिमन्यूनं बापाचं नाव वर घातलं तर त्याचं काय चुकलं?"

"आई, तू तरी बराबर बोललीस," अभिमन्यू म्हणाला. "आपल्या घराची इज्जत हाय का न्हाई? बाहीर माणूस बघ किती आलंय. आबा, इलेक्शनपातूर जाहिरात माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. कुट्टी काय, पुढच्या वर्षीबी इकंल."

आबांनी धाकट्या सुनेकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरला की घरात भांडंसुद्धा कुणी आपटत नसे. "खरं हाय का ह्ये?"

"खरं हाय, आबा," तेजश्री म्हणाली.

आदिनाथनं डोळे मिटून घेतले.

"कावून?"

"सांगते. पर मग तुमाला वाईट वाटंल."

"आता वाटायचं काय ऱ्हायलंय? बोल."

तेजश्री उठून त्यांच्यासमोर सतरंजीवर बसली. मोबाइल उघडला. "मागच्या साली तुमचा माइकचा व्हिडिओ गेलता ना सगळीकडं..."

त्या व्हिडिओचा विषय या घरात कुणी काढत नसे. तालुक्याच्या कार्यक्रमात पाहुणे दीड तास बोलत होते, आबांसमोरचा माइक चालू होता, आणि आबा शेजारच्याला म्हणाले होते, "ह्ये कवा बसतंय खाली? तिकडं मटण निवलं की बे." बीडपासून पुण्यापर्यंत लोकांनी तो पाहिला. अजून पाहतात.

"तवा लोक तुमचं नाव शोधायची," तेजश्रीनं सांगितलं. "कारखान्याच्या वेबसाइटवर तुमचा नारळ फोडतानाचा फोटो हाय, मनून जाहिरात त्यांलाबी दिसायची. हसत हसत दाबायची. दाबलं की आपले बारा रुपये. एका आठवड्यात पाच हजार गेले आन् एक मशीन इकली न्हाई. मनून नाव घातलं यादीत. तुमाला सांगायला पायजे हुतं, ती माझी चूक. हिंमत झाली न्हाई."

"मागचं सोड," अभिमन्यू म्हणाला. "आताचं बोल. आता लोक आबांच्या नावानं आलेत."

"आता काय शोधून आलेत तेबी हितं दिसतंय, दादा. माणूस काय लिहून आला त्याची नोंद असती. वाचू का?"

"वाच की. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तेजश्रीनं आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली.

"धोंडीराम आबा मटण व्हिडिओ. एकशेबारा जणांनी दाबलं. धोंडीराम आबा कुट्टी अनुदान फॉर्म, चारशे तीस. धोंडीराम आबा फोन नंबर उचलणारा, एकवीस." तिचा आवाज जरा खाली आला. "सभापती धोंडीराम विहीर कुठं गेली, सतरा."

"ते जुनं प्रकरण हाय," आबा घाईनं म्हणाले. "चौकशीत काय निघालं न्हाई."

"विहीरबी न्हाई निघाली," वच्छलाबाई सहज बोलून गेल्या.

"फुडं वाच."

"नगं, आबा."

"वाच मनतोय न्हवं मी?"

"धोंडीराम आबा जिवंत आहेत का," तेजश्रीनं वाचलं. "चौतीस."

"मेल्यांनो!" वच्छलाबाई ताडकन उठल्या आणि कुणावर जावं ते न कळून पुन्हा बसल्या. राजनंदिनीनं पदर तोंडाला लावला. तो कशासाठी लावला हे तिचं तिला माहीत. आदिनाथनं मात्र डोळे उघडले आणि बापाकडं पाहिलं. त्याला वाटलं, संपलं. आता आबा फेटा काढून ठेवणार आणि कारखान्याला कुलूप लावणार.

आबा सोफ्यावर पुढं सरकले. मग त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"चौतीस मंजे किती गावातले?"

"गाव न्हाई कळत, आबा."

"बारकं गाव आसंल तर निम्मी आळी झाली ना. पुण्याला गेल्याली पोरं बी असत्याल." त्यांनी फेट्याचं टोक सारखं केलं. "मंजे एकवीस वर्षं झाली पद जाऊन, आन् आजून चौतीस जणांला काळजी हाय, हा म्हातारा हाय का गेला." त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटू लागलं ते दुःख नव्हतं. माणसाला शिव्यांची सवय होऊ शकते, विसरलं जाण्याची होत नाही, आणि आबा विसरले गेले नव्हते. "बरं, ह्याचं वाच की. अभिमन्यूचं. त्येचंबी नाव घातलंय न्हवं?"

"घातलंय," अभिमन्यू पुढं सरसावला. "मी सोता घातलंय. अभिमन्यूदादा. अभिमन्यूदादा पाटोदा. अभिमन्यूदादा युवा नेते. कुणी ह्ये शोधलं की जाहिरात दिसावी मनून तीन शब्द घातलेत."

तेजश्रीनं पडद्यावर बोट फिरवलं. फिरवलं, थांबवलं, परत वर नेलं. "हितं कायच न्हाई."

"नीट बघ की."

"बघितलं, दादा. शब्द हायत. पर त्यांच्याफुडं लिवलंय, शोधणारे फारच कमी. मनून त्या शब्दांवर जाहिरात दाखवलीच न्हाई कुणाला."

"कमी मंजे किती?"

"तीन दिवसांत एकबी न्हाई."

आपल्या मुलाचा पडलेला चेहरा वच्छलाबाईंना बघवेना. "शोधतील कावून?" त्या तावातावानं म्हणाल्या. "शोधायला ते हरवलंय व्हय? दिवसभर घरीच तर असतंय!"

आईनं बाजू घेतली ती अशी. अभिमन्यू बापाकडं पाहू लागला, बायकोकडं पाहू लागला, शेवटी भिंतीकडं. त्याला एखाद्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. बापाला विहिरीवरून का होईना, सतरा माणसं विचारत होती. याला कुणी चोर म्हणायलाही शोधलं नव्हतं. त्या क्षणी तेजश्रीला खरंच त्याची दया आली, पण ती तिनं चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

आणि आबा हसले. खदखदून, फेटा हलेपर्यंत हसले.

"जाहिरात तेजश्रीकडंच ऱ्हाईल," ते उठत म्हणाले. "घाल तुझी यादी. माझंबी नाव घाल त्यात. आन् अभिमन्यू, तिकिटाचं तू राहू दे. लोक अजून मला इचारू लागलेत. मीच हुबा ऱ्हातो."

"आबा!" अभिमन्यू.

"मला तर आधीपासून वाटायचं," राजनंदिनी चटकन उठून सासऱ्यांच्या पाया पडली, "आबांशिवाय ह्या गटात दुसरं नावच न्हाई. अर्ज भरायला मी येते तुमच्यासंगं." अभिमन्यूनं तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर टाळली. वारा फिरला की सूपही फिरवावं लागतं, हे ती माहेराहून शिकून आली होती.

तेजश्रीनं यादी परत घातली. बत्तीस शब्द, एकेक करून. हातमोज्यातला फोन इतक्या दिवसांनी गप्प बसणार होता, आणि कारखाना वाचला होता. तिनं आदिनाथकडं पाहून मान हलवली. तेवढ्यात बाहेरून माऊलीच्या माइकचा आवाज आला, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का," आणि पाठोपाठ आबांचा.

"माय-बापहो! तुमच्यातल्या चौतीस जणांला काळजी हुती मनं. तर बघून घ्या. मी जिवंत हाय!"

मंडपात टाळ्या पडल्या. कोणत्या चौतीस जणांना, हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण फुकट जेवलेला माणूस टाळी राखून ठेवत नाही.

तेजश्री धावली. चाळीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. ती फाटकापाशी पोचली तोवर आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले होते आणि एक हात वर गेला होता.

"तुमी कुट्टीसाठी आलात. धोंडीरामाच्या दारातून कुणी रिकामं गेलंय का? आजपातूर गेलंय का? आज माझ्या पंचाहत्तरीनिमित्त, बालाघाटची मशीन, जेवढे आलेत तेवढ्यांला, निम्म्या..."

माइक तेजश्रीनं काढून घेतला. ओढून नाही. नुसता हातातून घेतला, जसा लहान मुलाच्या हातून विळा घेतात. या घरात सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सोडल्याची गोष्ट पंचवीस वर्षं पुरली होती. ही किती पुरेल याचा तिनं विचार केला नाही. समोर तीनशे माणसं होती.

"कुट्टी एकतीस हजाराला हाय," ती म्हणाली. "दोन एचपीची. मोटार धरून. निम्म्यात न्हाई. आमच्याकडं अनुदान न्हाई, फॉर्म न्हाई, योजना न्हाई. जाहिरातीत चुकून लिवलं गेलं हुतं, त्याची माफी मागते. ज्याला इकत घ्यायचीय त्यानं हितं थांबावं. बाकीच्यांनी जेवून जावं, बुंदी लई हाय."

माऊलीनं कपाळावर हात मारला. राजनंदिनी पायरीवरच थांबली, कुठल्या बाजूला उतरावं हे अजून ठरलं नव्हतं. अभिमन्यू तरातरा पुढं आला. "ह्ये काय लावलंय? सासऱ्याच्या हातातून... आदिनाथ, तुझी बायको आवर!"

आदिनाथनं तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता 'व्हय दादा' निघणार. स्वतः त्यालाही तसंच वाटलं असावं.

"न्हाई," तो म्हणाला.

नंतर त्याला काही सुचलं नाही, म्हणून तो तेजश्रीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

माणसं हलू लागली. आधी मागची, मग मधली. कुणी रागानं पिशवी झटकली, कुणी "मंग बोलावलं कशाला बे" म्हणालं. छबुबाई तेजश्रीपाशी आली. "खरं बोललीस ते बरं केलंस, पोरी. मागच्या येळेला हेंच्या फारमापायी मी सात खेपा घातल्या हुत्या. पर मी जेवून जाते." आणि ती पंगतीकडं गेली. पाव तासात रस्ता मोकळा झाला. वाढदिवस होता, सत्कार बाकी होता, हार तर बादलीतच भिजत पडले होते.

आबा खुर्चीवरून उतरून त्याच खुर्चीत बसले होते. जाणाऱ्यांकडं त्यांनी पाहिलं नाही.

"किती ऱ्हायले?" त्यांनी विचारलं.

आदिनाथनं मोजले. "अकरा."

"अकरा," आबा म्हणाले. तेजश्री ओरडा खायच्या तयारीनं उभी होती. "चाळीस साल दारात माणूस बघतोय मी. काई मागायला न्हाई, इकत घ्यायला आल्यालं, आसं माणूस ह्या दारात आजच बघितलं."

मग सवयीनं त्यांनी खुर्ची पुढं ओढली, फेटा नीट केला आणि अकरांतल्या पहिल्याला, दूधधंदा करणाऱ्या आष्टीकडच्या एका दणकट माणसाला, हात करून जवळ बोलावलं.

"बोला पाव्हणं. काय काम काढलंत?"

"काम काई न्हाई, आबा," तो माणूस अदबीनं म्हणाला. "मशीन घ्यायचीय. तुमी जरा बाजूला सरकता का? त्या बाईंशी बोलायचं हुतं."

आबांनी खुर्ची सरकवली.